पेन पाठवलंत, पण शाई कोण भरणार?

परदेशात राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेला एक शब्द आहे, 'जपून ठेवलंय'. तुम्ही हौसेने नेलेला स्वेटर कुठे आहे? जपून ठेवलाय. ब्लड प्रेशरचं मशीन? जपून ठेवलंय. दहा वर्षं इकडे राहिल्यावर मला या शब्दाचा खरा अर्थ कळलेला आहे. ती वस्तू वापरता येत नाही, आणि तसं सांगून तुमचं मन मोडायचं नाही.

मी जर्मनीत न्यूर्नबर्गला राहतो, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझे बाबा कराडला असतात, निवृत्त शिक्षक. त्यांचा एक जुना नेम आहे. रोज रात्री जेवणानंतर ते वहीत दिवसाचा हिशेब आणि चार ओळी लिहितात. गेल्या तीनचार वर्षांत त्यांच्या उजव्या हाताला थोडा कंप आला. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, त्याने हात लवकर दुखतो. शाईच्या पेनाला दाब लागत नाही, निब कागदावर नुसती टेकवली तरी शाई उतरते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी कावेको स्पोर्ट नेलं. ही कंपनी १८८३ साली हायडेलबर्गला सुरू झाली आणि आता ती आमच्या न्यूर्नबर्गचीच आहे, तेव्हा आपल्या गावची वस्तू नेल्यासारखंही झालं. अष्टकोनी टोपणाचं हे पेन मिटल्यावर जेमतेम साडेदहा सेंटिमीटरचं होतं, बुशशर्टच्या खिशात दिसतही नाही. टोपण मागे लावलं की मोठ्या पेनाएवढं होतं. बाबांना आवडलंही. सोबत कार्ट्रिजची दोन पाकिटं दिली आणि मी आपला कर्तव्य केल्याच्या समाधानात परत आलो.

या वर्षी मे अखेरच्या शाळेच्या सुट्टीत घरी गेलो तर वहीवर पुन्हा बॉलपेन. अक्षर बघून पोटात कालवलं. शेवटच्या पानांवर ओळी खाली उतरत गेलेल्या होत्या आणि मधले काही दिवस कोरेच. पेनाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "छान आहे रे. जपून ठेवलंय."

मग आईने टेबलाचा खण उघडून दाखवला. पेन त्याच्या पत्र्याच्या डबीत. शेजारी आयोडेक्सच्या रिकाम्या बाटलीत सगळ्या रिकाम्या कार्ट्रिज, धुऊन, पुसून ठेवलेल्या. आणि एक इंजेक्शनची सिरिंज. बाबांनी त्या कार्ट्रिज सिरिंजने परत भरायचा प्रयत्न केला होता. कार्ट्रिजचं तोंड केवढंसं, त्यात हाताला कंप. शाई पलंगपोसावर, लेंग्यावर, सगळीकडे. आईचं बोलणं खाल्लं आणि पेन खणात गेलं. कराडात तीनचार दुकानांत त्यांनी कार्ट्रिज विचारल्या होत्या, मिळाल्या नाहीत. मला फोनवर का नाही सांगितलं, तर "एवढ्याशासाठी तुला कुठे त्रास द्यायचा? कुणी येणारं असेल तर सांगणार होतो."

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण मंडळी घरी ज्या वस्तू नेतो, त्यातल्या निम्म्या वस्तू अशा असतात की त्यांचा दाणापाणी फक्त आपल्या देशात मिळतो. आपण आईवडिलांना वस्तू देत नाही, एक वर्गणी लावून देतो आणि ती भरायला त्यांनी आपल्या पुढच्या फेरीची वाट बघायची. बाबा मागणाऱ्यांतले नाहीत. तुमचेही बहुतेक नसतील. म्हणून माझं सरळ मत आहे की घरच्या माणसाला परदेशातून पेन न्यायचं तर ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या शाईने भरता आलं पाहिजे, आणि येत नसेल तर देण्याआधी आपण ते तसं करून द्यायला हवं. हे करणं अवघड नाही. मी दोन पेनांवर केलं, एकदा फजितीसह.

आधी अडचण काय ते सांगतो. मोठ्या पेनात कन्व्हर्टर बसतो, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणारी पिस्टनची नळी. छोट्या पेनात नेहमीचा कन्व्हर्टर मावतच नाही. त्यासाठी वेगळे छोटे कन्व्हर्टर मिळतात, काही पिस्टनचे, काही रबरी फुगा दाबायचे. पण त्यांत शाई मावते छोट्या कार्ट्रिजपेक्षाही कमी, आणि ती कार्ट्रिजच मुळात साधारण ०.८ मिलिलिटरची. रोज पानभर लिहिणाऱ्याला दर तीनचार दिवसांनी भरत बसावं लागतं. रिकामी कार्ट्रिज सिरिंजने भरणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, मी स्वतः वर्षभर तेच केलं. धडधाकट हाताला ते ठीक आहे. पण पुन्हापुन्हा काढघाल केली की कार्ट्रिजचं तोंड सैल होतं, आणि ज्याचा हात स्थिर नाही त्याच्याकडे सुई देण्यात अर्थ नाही.

राहिला तिसरा मार्ग. कार्ट्रिज, कन्व्हर्टर सगळं काढून टाकायचं आणि पेनाच्या नळीतच थेट शाई ओतायची. म्हणजे आपण शाळेत करत होतो तेच. ड्रॉपरने शाई भरायची, आटे आवळायचे, गळली तर खडूने टिपायची, बोटं आठवडाभर निळी. कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडी-गोळ्यांपासून सुरुवात केली, त्या शाईवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या लिहायला शिकल्या, आणि त्यातली बरीचशी शाई पेनात ड्रॉपरनेच गेली. आज आपण ज्याला 'मॉडिफिकेशन' म्हणतो ते बाबांच्या पिढीला पेन भरणं एवढंच वाटतं. गंमत म्हणजे जर्मन पेनंही अशीच होती. सुरुवातीची पेनं ड्रॉपरने भरत, मग १९२९ मध्ये पेलिकानने पिस्टनचं पेन आणलं. प्लॅस्टिकची कार्ट्रिज सगळीकडे झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हा मी काही नवीन शोध लावत नव्हतो, पेनाला त्याच्या आजोबांच्या वळणावर नेत होतो.

पहिला प्रयोग माझ्या स्वतःच्या पेनावर, जानेवारीत, न्यूर्नबर्गला. लागतं काय, तर एक ओ-रिंग आणि थोडं सिलिकॉन ग्रीस. ओ-रिंग म्हणजे कुकरच्या रिंगची नात समजा. ग्रीस मी कॉफी मशीनच्या देखभालीसाठी मिळतं ते वापरलं. (त्याआधी घरात होतं म्हणून व्हॅसलीन लावून पाहिलं. लावू नका. पेट्रोलियमच्या वस्तूने रबर फुगतं आणि काही प्लॅस्टिकही खराब होतात. माझी पहिली ओ-रिंग महिन्याभरात ढिली पडली.) निबचा भाग जिथे नळीत फिरवून बसतो तिथल्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यायचा, आट्यांच्या मुळाशी ओ-रिंग सरकवायची, ड्रॉपरने आट्यांच्या खालपर्यंत शाई भरायची आणि बोटांनी घट्ट होईल एवढंच आवळायचं. पकड वापरायची नाही. नळीत आता दोन मिलिलिटरच्या वर शाई मावते, म्हणजे अडीच कार्ट्रिज एका दमात. मी खूश.

ही खुशी दहा दिवस टिकली. बाहेर दोन अंश तापमान, पेन पाठीवरच्या बॅगेत. ऑफिसला पोचलो, मीटिंगमध्ये पेन काढून लिहायला घेतलं, आणि दोन मिनिटांनी निबवरून टप्पकन शाईचा एक मोठा थेंब वहीवर. मग दुसरा. तिसरा शर्टच्या बाहीवर. समोरच्या जर्मन सहकाऱ्याने न बोलता रुमाल पुढे केला.

आटे तर कोरडे होते, मग गळलं कुठून? घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. नळीत शाई कमी झाली की तिची जागा हवा घेते. हवा तापली की फुगते, दर दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. नळीत दोन मिलिलिटर हवा असेल आणि ती हाताच्या उबेने वीसवरून तीस अंशांवर गेली, तर ०.०७ मिलिलिटरने वाढते. शाईचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे एका थेंबाहून जास्त शाई ढकलली जाते, आणि जायला वाट एकच, निब. निबखालच्या काळ्या जिभेला ज्या बारीक खाचा असतात त्या जास्तीची शाई धरून ठेवायलाच असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. माझं पेन तर दोन अंशांवरून तीसवर आलं होतं. दहा टक्के वाढ, म्हणजे चार थेंब. हिशेब बरोबर जुळला, शर्ट मात्र गेला. कार्ट्रिजमध्ये हवाच थोडी असते आणि तिच्याभोवती नळीतल्या हवेचं पांघरूण असतं, म्हणून तिथे असं सहसा होत नाही. एवढं श्रेय कार्ट्रिजला द्यायला हवं.

यातून एक गोष्ट लक्षात आली जी मला इकडच्या कुणी सांगितली नव्हती. ड्रॉपरने भरायचं पेन थंड देशात त्रास देतं, आपल्याकडे नाही. कराडला मे महिन्यात खोलीतच छत्तीस अंश असतात. हाताची ऊब तेवढीच किंवा थोडी कमी. हवा फुगणार कशाने? शाळेत आपली पेनं गळायची ती बहुतेक आट्यांतून, स्वस्त प्लॅस्टिकमुळे. आपल्याकडची जुनी चांगली पेनं एबोनाइटची असत. त्यांची नळी जाड आणि एबोनाइट उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. राजमहेंद्रीला रत्नम पेन १९३० च्या दशकापासून तशी बनतायत. आपल्या हवेला आणि आपल्या बाटलीतल्या शाईला शोभेल असं ते पेन होतं, आणि आपण त्याला मागासलेलं ठरवून मोकळे झालो.

सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, सरळ पिस्टनचं पेन विकत घे ना. मुद्दा बरोबर आहे. तुमच्या वडिलांचा हात चांगला असेल आणि पेन नव्यानेच घ्यायचं असेल तर पिस्टनचंच घ्या, बाटलीत निब बुडवायची, मागची कळ फिरवायची, झालं. पण घरोघरी कपाटात पडलेल्या पेनांचं काय? ती आपण आधीच पाठवून बसलो आहोत. शिवाय त्याच्या बोलण्यातला दुसरा अर्थ मला खटकला, की वस्तू अडली की ती उघडायची नाही, दुसरी घ्यायची. माझ्या धंद्यात मी हेच रोज बघतो. फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली, लॅपटॉप उघडायला वेगळा स्क्रूड्रायव्हर, प्रिंटर दुसऱ्याची शाई घातली की रुसतो. युरोपात याच्याविरुद्ध कायदा करावा लागला. फेब्रुवारी २०२७ पासून इथे विकल्या जाणाऱ्या फोनसारख्या वस्तूंची बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम आहे. ज्या कराडात ट्रान्झिस्टरपासून पंपापर्यंत सगळं उघडून नीट करणारी माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर होती, तिथून येऊन मी हे कायद्यात वाचतोय याची मला थोडी लाजच वाटली.

तर कराडला परत येऊ. दुपारी जेवणं झाल्यावर बाबा आणि मी वर्तमानपत्र पसरून बसलो. ग्रीस आणि चार ओ-रिंग मी नेल्याच होत्या, खरं तर माझ्याच पेनासाठी. बाबांनी आधी शंका काढली, "आट्यांतून गळेल." त्यांच्या काळी ते आट्यांना मेण चोळून वर शिवायचा दोरा गुंडाळत. ओ-रिंग बघून म्हणाले, "हा दोराच की, रबराचा." पेन धुऊन रात्रभर वाळवलं होतं. दुसऱ्या दिवशी आधी शाई न भरता नुसतं पाणी भरलं, टिश्यूत गुंडाळून निब वर करून पेल्यात उभं ठेवलं, आणि मग दोन तास आडवं. टिश्यू कोरडा. ही पाण्याची चाचणी कुणीही चुकवू नये. अजून एक, हे फक्त प्लॅस्टिकच्या, तळाला भोक नसलेल्या नळीलाच करायचं. याच पेनाची ॲल्युमिनिअमची आवृत्ती मिळते, तिच्यात शाई ओतली तर धातू खराब होतो. आणि शाई साधी, पेनाचीच घालायची. चित्रकलेची काळी इंडिया इंक घातलीत तर जीभ कायमची बुजेल.

शाई बाबांनी स्वतः भरली. कोपऱ्यावरच्या दुकानातली निळी बाटली, सोबत ड्रॉपर. हात हलत होता, पण नळीचं तोंड चांगलं रुंद असतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. दोन थेंब वर्तमानपत्रावर पडले, बाकी आत. बासष्ट-पासष्ट वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट, हाताला सांगावी लागली नाही. मी मधे मदतीला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने तो बाजूला सारला. आई दारातून म्हणाली, "पलंगावर नको म्हणजे झालं."

काही गोष्टी मी त्यांना कागदावर लिहून दिल्या. पेन अर्ध्याच्या खाली रिकामं होऊ द्यायचं नाही, कारण हवा जेवढी कमी तेवढं फुगणं कमी. खिशात निब वर. प्रवासाला जाताना पूर्ण भरायचं किंवा पूर्ण रिकामं करायचं. विमानात तर नक्कीच, कारण वर केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्या पाऊणपट होऊ शकतो आणि नळीतली हवा तिसऱ्या हिश्श्याने फुगते. माझ्यासारखं नुसत्या हाताच्या उबेने गळणारं पेन असेल तर विमानात काय होईल, विचार करा. मी तर येताना माझं पेन रिकामं करून, धुऊन आणतो.

सगळ्यांनी सगळी पेनं अशी करावीत असं माझं म्हणणं नाही. माझी मुलगी इथे तिसरीत आहे. जर्मन शाळांत मुलं आजही शाईच्या पेनाने लिहायला शिकतात, हे ऐकून बाबांना फार बरं वाटलं होतं. तिच्या दप्तरात कार्ट्रिजचं पेन आहे आणि ते मी तसंच ठेवलंय. आठ वर्षांच्या पोरीच्या दप्तरात दोन मिलिलिटर मोकळी शाई म्हणजे काय, हे आपल्या सगळ्यांच्या आयांना विचारा. तिला कार्ट्रिज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, मागायला कुणाच्या फेरीची वाट बघावी लागत नाही. आजोबांना बाटली मिळते, नातीला कार्ट्रिज. ज्याला त्याच्या दाराशी मिळेल ते, एवढाच माझा आग्रह आहे.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. वही रोज चालू आहे, शाई एकदाच भरली. मग जरा थांबून म्हणाले, शेजारच्या काकांच्या मुलाने अमेरिकेहून पाठवलेलं एक पेन आहे, तेही असंच कपाटात जपून ठेवलेलं. ते यांनी उघडलं होतं. मी लगेच म्हणालो, ओ-रिंग हवी असेल ना, दिवाळीत इकडून एकजण कराडला येतोय, पाठवतो.

"नको रे," बाबा म्हणाले. "स्टँडजवळ तो पंप दुरुस्तीवाला आहे ना, त्याच्याकडे डबाभर पडल्यात. पेन घेऊन गेलो, त्याने मापाची शोधून दिली. पैसेही घेतले नाहीत. ग्रीस पण त्याच्याकडे आहे म्हणतो, उद्या जाऊन बघतो."

मी विचारलं, ते सिलिकॉनचंच आहे ना, की साधं? म्हणाले, "डबीवर काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवतो, वाचून सांग."

फोटो आला. सिलिकॉनचंच होतं.